हिरव्या कासवाबद्दल आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'ताई'. पत्र मात्र मुद्दाम उघडं लिहितोय. ज्या चिखलात मी तीन आठवडे रुतलो होतो, त्यात अजून पुष्कळ जण असणार.

पहिला फोन केला तेव्हा माझा प्रश्न तयार होता: लॅपटॉपवर विंडोजच्या आत लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवायला व्हर्च्युअलबॉक्स चांगलं की व्हीएमवेअर? दोन्ही म्हणजे संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक उभा करणारी सॉफ्टवेअर. उत्तरही मी मनाशी ठरवूनच बसलो होतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) इतकं रडतखडत चालायचं की टाइप केलेलं अक्षर उमटेपर्यंत पुढचा शब्द विसरायला व्हायचं. फुकटचं सॉफ्टवेअर, आणखी काय होणार, असं मी म्हणालोसुद्धा. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोही २०२४ पासून फुकट झालंय, मे महिन्यात वैयक्तिक वापरासाठी आणि नोव्हेंबरात सगळ्यांसाठी, हे तुम्ही शांतपणे ऐकवलंत आणि माझी हवाच गेली.

तुलना तुम्ही केलीच नाहीत. विचारलंत, "व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या खाली उजव्या कोपऱ्यात बघ, कासव दिसतंय का?" दिसत होतं. इवलंसं हिरवं कासव. तीन आठवडे ते माझ्यासमोर होतं आणि मी त्याला सजावट समजत होतो.

मग तुम्ही जे समजावलंत ते इतरांसाठी माझ्या शब्दांत लिहितो, चुकलं तर कान धरा. इंटेलची व्हीटी-एक्स किंवा एएमडीची एएमडी-व्ही ही प्रोसेसरमधली आभासी संगणकांसाठीची सोय वापरून ही सॉफ्टवेअर वेगाने चालतात. पण विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही, म्हणजे आभासी संगणक चालवणारा त्याचा अंगचा भाग, त्या सोयीवर आधीच ठाण मांडून बसला असेल, तर बाकीच्यांना त्याच्यामार्फतच काम करावं लागतं. मी तर हायपर-व्ही कधी सुरू केला नव्हता. माझं विंडोज होम आवृत्तीचं, त्यात तो वेगळा वापरायला मिळतही नाही. तरीपण 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सोय चालू असली की तळाशी हायपर-व्हीचाच तळाचा थर, म्हणजे हायपरव्हायझर, जागा असतो. व्हर्च्युअलबॉक्स या मध्यस्थीतून चालतं तेव्हा त्याची कबुली म्हणून कासव दाखवतं. प्रामाणिक आहे बिचारं.

तुम्ही मला मेमरी इंटिग्रिटी बंद करून लॅपटॉप पुन्हा सुरू करायला लावलंत. कासव गेलं आणि तेच उबुंटू पळायला लागलं. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण माझ्या बाबतीत उलटी पडली: नाचणारा बरा होता, अंगणच वाकडं होतं. आणि मी आनंदाने फोन ठेवणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "हा फक्त निदानापुरता प्रयोग. आता ती सोय परत चालू कर." खरं सांगतो, तेव्हा थोडा राग आला होता. वेगासाठी सुरक्षा काढून ठेवायची नाही, हे पटायला एक रात्र जावी लागली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "लिनक्स तुला हवंय कशाला?" हे मला कुणीच विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. रोजचं काम म्हणजे टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी), पायथनमधले छोटे प्रोग्रॅम आणि गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणारं साधन. त्यासाठी अख्खा डेस्कटॉप कशाला? डब्ल्यूएसएल २ या विंडोजच्याच सोयीत खरा लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (आभासी संगणकात) चालतो आणि तो हायपर-व्हीशी भांडत नाही, कारण त्याच घरचा आहे. फायली सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवायच्या, ही तुमची एक ओळ तर सोन्याची. गिटला कळ दाबल्यापासून जांभई येईपर्यंत जो वेळ लागायचा तो संपला.

डेस्कटॉप आणि नेटवर्कची मोडतोड करून शिकायला मात्र व्हीएमवेअर ठेवलं. तेही हायपर-व्हीच्या डोक्यावरूनच चालतं, पण माझ्या यंत्रावर पडदा जास्त सुरळीत हलतो. दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर उलटा अनुभव आला तर नवल वाटणार नाही.

मेमरीचा किस्सा राहिलाच. लॅपटॉपची रॅम ८ जीबी, त्यातली ६ मी उबुंटूला दिली होती, वर प्रोसेसरचे चारही कोअर. तुम्ही म्हणालात, "पाहुण्याला अख्खं घर दिलंस, मग यजमान झोपणार कुठे?" ४ जीबी आणि २ कोअर केल्यावर दोघेही सुखी झाले. आणि स्नॅपशॉटला, म्हणजे आभासी संगणकाच्या त्या क्षणीच्या जतन केलेल्या स्थितीला, मी बॅकअप समजत होतो, तेही वेळेवर थांबवलंत. मूळ डिस्कची फाइल गेली की तिच्या आधारावरचे स्नॅपशॉटही निरुपयोगी, हे मी आठवड्याने शिकलो असतो, पण रडून.

तुमच्या नोकरीच्या धबडग्यात दोन संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी काढल्यात. एकदाही "एवढं साधं कसं माहीत नाही" म्हणाला नाहीत. याबद्दल आभार कसे मानायचे ते मला नीटसं जमत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

एक बातमी देऊन थांबतो. काल एका जुन्या लॅपटॉपवर थेट डेबियन (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) टाकलं. केव्हीएम, म्हणजे आभासी संगणक चालवायची सोय, तर लिनक्सच्या कर्नलमध्ये २००७ पासून आहेच, वर फक्त ती हाताळायला व्हर्ट-मॅनेजर बसवलं. आता त्यात विंडोज पाहुणा आहे. त्याला दोनच कोअर दिलेत.

तुमचा,
कासववाला