भट्टी सुटत नाही, पावसाळाही सुटत नाही

महोदय,

आपल्या विज्ञान पानावरचा ‘भट्टीविना सिरॅमिक’ हा सोल-जेल पद्धतीवरचा (म्हणजे द्रावण घट्ट करून त्यापासून काच नि सिरॅमिक करण्यावरचा) मजकूर वाचून आमच्या शेजारचा डिप्लोमाचा मुलगा रविवारी सकाळीच दारात हजर. “मावशी, भट्टी लागतच नाही म्हणे. मग तुमच्या ओव्हनमध्ये करू की!” रबाळे एमआयडीसीत काचेवर लेप देणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं काढली, म्हणून त्याला माझी आठवण झाली. त्याला सांगितलं तेच इथे लिहिते. आणखी कुणी ओव्हन तापवायला नको.

भट्टी लागते. सिलिका, म्हणजे वाळूतला काचेचा मूळ पदार्थ, वितळवून धागा ओढायचा तर २००० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं. सोल-जेल पद्धतीत तो बसल्या जागी, खोलीतल्या तापमानाला ओढता येतो. पण त्यातली छिद्रं बुजून घट्ट काच व्हायला ८०० ते १००० अंशांची भाजणी चुकत नाही. ‘कमी तापमान’ म्हणतात ते एवढंच.

खरा खेळ बीकरमध्ये. टीईओएस हे सिलिकॉनचं पातळ संयुग, अल्कोहोल, मोजकं पाणी आणि किंचित आम्ल. आम्ल असेल नि पाणी बेताचं असेल तर रेणू लांब साखळ्यांत गुंफले जातात. आम्लाऐवजी अमोनिया घाला, बारीक गोळे होतात, तार धरत नाही. काचेची कांडी बुडवून उचलायची नि तार बघायची. लाडवाचा पाक केलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. वेळ टळली की बीकर उलटा केला तरी आतलं हलत नाही. मी एकदा जेवायला गेले आणि दुपारभर बीकर खरवडत बसले.

लेपाचं गणित वेगळं. काचपट्टी द्रावणात बुडवून सावकाश वर काढायची. घाई केली की थर जाड बसतो, आणि एका वेळी अर्ध्या मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाच्या) पुढे गेला की वाळताना उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा पडतात. म्हणून पातळ थर, वाळवण, भाजणी, पुन्हा बुडवणं.

आणि आपल्याकडचा जुलै! टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडची (टीईओएससारखंच, पण टायटॅनियमचं संयुग) बाटली उघडली की तोंडाशी धूर दिसायचा, आणि पिपेट बीकरपाशी नेईपर्यंत टोकाला पांढरी भुकटी धरलेली. हवेतल्या पाण्याचीच ती करणी. लेपाच्या खोलीतलं बाष्प शोषणारं यंत्र बंद पडलं की आम्ही त्या दिवशी काम करतच नसू; सकाळी साहेब आधी भट्टीचा नव्हे, आर्द्रतेचा काटा बघायचे. गंमत अशी की फ्रान्सच्या रसायनशास्त्रज्ञ एबेलमन यांना १८४६ च्या सुमारास सिलिकॉनच्या अशाच संयुगापासून काचेसारखा पदार्थ मिळाला, तो दमट हवेच्याच कृपेने. सिलिकॉन सावकाश बदलतो म्हणून. टायटॅनियमला तेवढा दम नाही.

राहिला ओव्हन. टीईओएसची वाफ डोळ्यांना झोंबते, तीही पेट घेते आणि अल्कोहोलचीही. स्वयंपाकघरात हे नकोच. मुलाला मी माझी एक जुनी काचपट्टी दाखवली. तिरपी धरली की मधे फिकट जांभळा रंग, आणि खालच्या कडेला, जिथे द्रावण ओघळून साठलं होतं, तिथे बारीक पोपडे. ती बघायला म्हणून घेऊन गेला, अजून परत दिलेली नाही.

– एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यिका, ऐरोली, नवी मुंबई