नोंदी कोट्यवधी आहेत, म्हणून नियम सोडू नका: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

निवृत्तिवेतनधारकांच्या एकत्रित नोंदणीसाठी आपल्या खात्याने काढलेला निविदेचा मसुदा मी दोनदा वाचला. त्यातल्या एकाच अटीबद्दल हे पत्र आहे. ‘नोंदींची संख्या कोट्यवधी असल्याने डेटाबेस नॉन-रिलेशनलच असावा’, अशी ती अट. रिलेशनल म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत, ठरलेल्या नियमांनी माहिती ठेवणारा डेटाबेस; नॉन-रिलेशनलमध्ये अशी टेबलं आणि नियम सक्तीचे नसतात. गेली एकवीस वर्षं मी डेटाबेस सांभाळते, दोन्ही प्रकारचे. ही अट तशीच राहिली तर तिचा भुर्दंड दर महिन्याला पेन्शनची वाट पाहणाऱ्या माणसाला बसेल, म्हणून राहवलं नाही.

आधी ‘कोट्यवधी’चा हिशेब मांडू. १० कोटी माणसं धरा आणि माणसामागे १ किलोबाइट माहिती. झाले १०० जीबी. एवढं तर लॅपटॉपच्या डिस्कवर मावतं. दर महिन्याच्या हप्त्याची एक ओळ, अशी दहा वर्षं ठेवली तर १,२०० कोटी ओळी होतात. ओळीला १०० बाइट धरले की १.२ टेराबाइट. पोस्टग्रेएसक्यूएल या रिलेशनल डेटाबेसमध्ये एकाच टेबलची मर्यादा ३२ टेराबाइट आहे, आणि महिन्यागणिक पार्टिशन पाडली, म्हणजे टेबलचे वेगळे भाग केले, तर तिच्या जवळपासही जायची वेळ येत नाही. नीट इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधयादी, असेल तर १० कोटी ओळींतून एक माणूस शोधायला डेटाबेसला इंडेक्सची चार-पाच पानं चाळावी लागतात, बस. संथ चालणाऱ्या ज्या प्रणाली मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींचं दुखणं डेटा जास्त असण्यात नव्हतं, इंडेक्स नसण्यात होतं.

रिलेशनल पद्धत छोट्या कामांसाठी आणि मोठ्या कामांना नवं काहीतरी हवं, हा समज मुळातच चुकीचा आहे. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच मोठ्या, सामायिक डेटा बँकांचा उल्लेख होता. अनेक लोक, अनेक कार्यक्रम एकच माहिती वापरणार आणि तरीही ती विस्कटता कामा नये, हाच तर त्यांचा प्रश्न होता. आपल्या खात्याचाही तोच आहे.

नॉन-रिलेशनल डेटाबेस आले ते वेगळ्या गरजेतून. गूगलने २००६ मध्ये बिगटेबल आणि अ‍ॅमेझॉनने २००७ मध्ये डायनॅमो हे आपापले डेटाबेस कसे बांधले ते जाहीर केलं. डायनॅमोचं उदाहरण बोलकं आहे. काहीही झालं तरी ग्राहकाला कार्टमध्ये वस्तू टाकता आलीच पाहिजे, मग दोन सर्व्हरमधला संपर्क तुटलेला का असेना, हे त्यांनी आधी ठरवलं. त्याची किंमतही त्यांनी लिहून ठेवली: कार्टमधून काढून टाकलेली वस्तू कधीकधी परत उगवू शकते. खरेदीत ते चालतं, पैसे भरण्याआधी माणूस ती पुन्हा काढतो. पण मृत म्हणून बंद केलेलं पेन्शन खातं असं परत उगवलं तर?

याच्या मुळाशी असलेली अडचण संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडली आणि २००२ मध्ये ती गणिताने सिद्ध झाली. नेटवर्क तुटलं की प्रणालीपुढे दोनच वाटा उरतात: कदाचित जुनं असलेलं उत्तर द्यायचं, किंवा ‘आत्ता सांगता येत नाही’ म्हणायचं. समाजमाध्यमावर पहिली वाट बरी. पैशाच्या नोंदीत मात्र दहा मिनिटं थांबलेला व्यवहार परवडतो, दोनदा गेलेली रक्कम परवडत नाही.

एक प्रसंग सांगते. एका कार्यालयात सगळं डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये, म्हणजे प्रत्येक नोंद सुट्या कागदासारखी ठेवणाऱ्या नॉन-रिलेशनल प्रकारात, हलवलं होतं. वाचन जलद व्हावं म्हणून लाभार्थ्याचा बँक खाते क्रमांक तीन ठिकाणी कॉपी केलेला. एका आजींनी खातं बदललं, तो बदल एका ठिकाणी झाला, उरलेल्या दोन ठिकाणी झालाच नाही. तीन महिने पैसे बंद पडलेल्या खात्यावर जाऊन परत येत होते. मी रात्री ती डॉक्युमेंट्स उघडून बसले. एकात फील्डचं नाव ‘अकाउंट नंबर’, दुसऱ्यात ‘अकाउंट नो’, आणि तिसऱ्यात तो क्रमांक मजकूर म्हणून न ठेवता संख्या म्हणून ठेवलेला, त्यामुळे सुरुवातीचं शून्यच गळून गेलं होतं. डेटाबेसने तिन्ही निमूट स्वीकारलं होतं, कारण कुणी त्याला नियमच सांगितला नव्हता. रिलेशनल टेबलमध्ये खाते क्रमांक एकाच जागी राहिला असता, त्या कॉलमचा प्रकार ठरलेला असता, फॉरेन की, म्हणजे दोन टेबलांना जोडणारा दुवा, लाभार्थ्याशी बांधलेली असती. चुकीची नोंद आत शिरण्याआधीच अडली असती. स्कीमाला, म्हणजे आधी ठरवलेल्या या नियमांच्या साच्याला, लोक जाच म्हणतात. मला त्या रात्री तो जाच हवा होता.

म्हणजे नॉन-रिलेशनल नकोच, असं मी म्हणत नाही. दर सेकंदाला लाखो नोंदी येऊन पडतात आणि पुन्हा कधी बदलत नाहीत, अशा कामाला, म्हणजे लॉगिनचे लॉग, उपकरणांचे संदेश, गेलेल्या एसएमएसच्या पोचपावत्या यांना कॅसँड्रासारखा नॉन-रिलेशनल डेटाबेस उत्तम. लॉगिन सेशनसाठी रेडिस हा मेमरीत चालणारा डेटाबेस वापरा. रिलेशनल डेटाबेसमध्ये लिहिण्याचा सगळा भार सहसा एका मुख्य सर्व्हरवर येतो आणि तो पुरेनासा झाला की शार्डिंग करणं, म्हणजे डेटा अनेक सर्व्हरांवर वाटणं, त्रासाचं असतं, हे मी स्वतः भोगलंय. पण गूगललाच पुढे ट्रान्झॅक्शनची, म्हणजे अनेक बदल एकतर सगळे होतील नाहीतर एकही नाही या हमीची, सोय असलेला स्पॅनर हा डेटाबेस बांधावा लागला, आणि २०१२ मध्ये त्याबद्दल लिहिताना त्यांनी ट्रान्झॅक्शन नसल्याने प्रोग्रामरांना होणारा त्रास मोकळेपणाने मांडला. मोंगोडीबी या डॉक्युमेंट डेटाबेसने २०१८ मध्ये अनेक डॉक्युमेंट्सवरची ट्रान्झॅक्शन आणली. उलट पोस्टग्रेएसक्यूएल २०१४ पासून जेसनबी हा मोकळ्या रचनेचा माहिती-प्रकारही ठेवतं, म्हणजे ज्या थोड्या माहितीचा आकार ठरलेला नाही तिचीही सोय आहे.

तेव्हा माझी विनंती अशी. ती अट काढावी आणि तिच्या जागी एक चाचणी घालावी. प्रत्येक निविदाकाराने १० कोटी बनावट नोंदी भरून एका महिन्याचं पेन्शन वाटप करून दाखवावं, आणि ते चालू असताना आपल्या अधिकाऱ्यांनी मुख्य सर्व्हरची वीज बंद करावी. प्रणाली पुन्हा उठली की मोजावं: किती जणांना दोनदा पैसे गेले, किती जणांना गेलेच नाहीत. दोन्ही आकडे शून्य आले पाहिजेत, मग डेटाबेस कुठलाही असो. या चाचणीचा आराखडा मी लिहून तयार ठेवला आहे. आपल्या खात्याने कळवलं की मोबदल्याशिवाय पाठवते आणि चाचणीच्या दिवशी स्वतः हजर राहते.

आपली नम्र,
एक डेटाबेस प्रशासक