विशेष संग्रहांतील ‘किरकोळ कागदां’ची यादी करा : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सादर नमस्कार. विद्यापीठीय ग्रंथालयांचे विशेष संग्रह म्हटले की पोथ्या आणि दुर्मीळ ग्रंथ एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येतात. आमच्या मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेल्या गीतेसारखा ग्रंथ हाती आला तर त्याची रीतसर नोंद होते, आणि ती व्हायलाच हवी. मला लिहायचे आहे ते त्याच कपाटाच्या खालच्या फळीविषयी.

नोंदवहीत ‘किरकोळ कागद, एक गठ्ठा’ एवढेच वर्णन असलेल्या अशाच एका बासनात मला हळदीच्या व्यापाऱ्याची मोडीतील खातेवही पाहायला मिळाली. कोणत्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, कोणाची किती पोती उतरवली, पेवाचे तोंड कधी लिंपले, उघडल्यावर किती माल खराब निघाला, हे सारे तीत बोरूच्या बारीक अक्षरांत आहे. समासात हमालीचा हिशेब आहे आणि शेवटच्या कोऱ्या पानावर नाटकाच्या खेळाचे हस्तपत्रक खळीने डकवलेले आहे. सांगलीजवळच्या हरिपूरची बहुतेक पेवे २००५ च्या महापुरात निकामी झाल्यावर, जमिनीखाली हळद साठवण्याची ती रीत अभ्यासायची तर अशा वह्या सोडून जायचे कुठे?

तरीही त्या कोणाच्याच कक्षेत येत नाहीत. राष्ट्रीय हस्तलिखित मोहिमेने २००३ पासून मोठे काम केले, परंतु छापील साहित्य आणि महसुली दप्तरे तिच्या व्याख्येबाहेर राहिली. व्यापाऱ्याची वही आणि हस्तपत्रक यांना तिथे जागा मिळणे कठीणच.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या नगर वाचनालयात शिरले आणि हजारो पुस्तके भिजली. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी सापडू शकते, वहीची सापडत नाही. भिजलेल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते आणि त्या धावपळीत आधी काय उचलायचे, हे यादी असल्याशिवाय ठरवता येत नाही.

विद्यापीठे आणि ग्रंथालय संचालनालय दोन्ही आपल्याच विभागाकडे आहेत. म्हणून विनंती अशी की, प्रत्येक विशेष संग्रहातील गठ्ठे सोडवून एकेका कागदाची यादी करण्याचा आदेश आपण काढावा, त्यासाठी मोडी वाचणाऱ्यांची नियमित पदे मंजूर करावीत आणि नदीकाठच्या सांगली-सातारा जिल्ह्यांत हे काम येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू करावे.

आपला विश्वासू,
सांगलीतील एक वाचक