रोज रात्री तिला विचारू नकोस

नागपूर,
तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय दिल्या,

तुझ्या ताईकडे जावयांचं पिणं आणि मुलांचं काय ते बघून ये, हा तुझा निरोप मिळाला त्याच दिवशी जाणार होतो, पण मुद्दाम तान्ह्या पोळ्यापर्यंत थांबलो. त्या दिवशी पोट्ट्यांच्या घरी जायला कारण लागत नाही. महाल भागातून लाकडी नंदी घेतला, पोरांना द्यायचे बोजाऱ्याचे सुटे पैसे खिशात टाकले आणि मानेवाड्याला पोचलो.

जावई घरी नव्हते. छोटू दारात उभा, रिकाम्या हातानं. गल्लीतल्या पोरांचे बैल माळा घालून फिरत होते आणि हा प्रत्येकाला सांगत होता, "माझा बाबा आणून राहिला." माझ्या हातातला नंदी त्यानं घेतला, पण लगेच बाहेर काढला नाही. बाबांनी दुसरा आणला तर, म्हणून असेल.

सकाळी पोरांनी मारबतीच्या मिरवणुकीतल्यासारखा कागदाचा पुतळा, बडग्या, केला होता, तो अजून नाचवत होते. रोगराई घेऊन जा गे मारबत, मच्छर घेऊन जा गे मारबत, होमवर्क घेऊन जा गे मारबत! त्यात आपला छोटू एकदम ओरडला, "बाटली घेऊन जा गे मारबत!" चिऊ आतून धावत आली आणि तिनं त्याचं तोंड दाबलं. चांगलं घट्ट. मग माझ्याकडे बघून हसली, पाहुण्यासमोर मोठी बाई सावरून हसते तशी. बारा वर्षांची आहे रे ती.

संध्याकाळी ती अभ्यासाला बसली होती. फाटकाबाहेर स्कूटर थांबली आणि तिची पेन्सिल थांबली. स्टँड एका दमात लागला. पेन्सिल पुन्हा चालू झाली. मान वर न करता मला म्हणाली, "आज बरं आहे, मामा." मी काही विचारलंच नव्हतं.

मला ते कळलं, कारण आमच्या बाबांची सायकल होती. भिंतीला नीट टेकली तर जेवण. पडल्याचा आवाज आला की आई दिवा मालवायची आणि आम्ही झोपेचं सोंग घ्यायचो. तुला बाबांचं पिणं माहीत होतं, सायकलीचं मी कधी सांगितलं नाही.

आता तुला राग येईल असं लिहितो. तू रोज नऊला पुण्याहून चिऊला फोन करतोस आणि पहिलं काय विचारतोस? "बाबा आज कसे आले?" ताईनं सांगितलं मला. तुझी काळजी समजते बे, पण तू पोरीला चौकीवर बसवलं आहेस. आधीच तिचे कान फाटकाशी असतात, वर तुझ्याकडे रोजचा अहवाल. मागच्या आठवड्यात दोनदा ती तुझ्याशी खोटं बोलली, मामाचं बीपी वाढेल म्हणून. म्हणजे आता ती बापाला, आईला, भावाला आणि तुलाही सांभाळते.

फोन बंद करू नकोस. नऊ म्हणजे नऊला कर, एकही दिवस चुकवू नकोस. पण गणित विचार, मैत्रिणीशी भांडण मिटलं का विचार, नाहीतर तुझंच काही सांग. बाबांचं तिला सांगायचं असेल तर ती सांगेल. जावयांचं काय ते थेट ताईला विचार.

हे मी कुठून शिकलो सांगू? काकूंकडून. सातवी-आठवीत मी तुमच्याकडे अभ्यासाला यायचो, आठवतं? अभ्यास हा बहाणा होता. काकूंनी एकदाही विचारलं नाही की आज घरी का नाही गेला. स्टोव्हवर पोळ्या करता करता एक ताट जास्त मांडायच्या, बस. मोठा झाल्यावर एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघींच्या कामाबद्दल वाचलं. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग त्यांनी चाळिशीपर्यंत ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापाचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा ओझ्याखाली वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही धड निघाली. त्यांच्यात सापडलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे भरवशाचं एखादं मोठं माणूस: आजी, शिक्षक, शेजारीण. ते वाचताना मला हवाई काही दिसलं नाही, तुमचा स्टोव्ह दिसला.

ताईचंही ऐक. तिनं पिठाच्या डब्यामागून एक पुडी काढून दाखवली. "न सांगता दारू सोडवा" अशी जाहिरात बघून दोन हजारांना मागवलेली, वर औषधाचं नावसुद्धा नाही. जावयांच्या डाळीत कालवायची. आणि छोटूनं चुकून त्या वाटीतलं खाऊ नये, यावर लक्ष ठेवायचं काम कोणाकडे? चिऊकडे! अशा पुड्यांत काय असेल, सांगता येत नाही. दारू सोडवायचं डायसल्फिराम नावाचं औषध असलं तर आणखी वाईट. डॉक्टर ते पेशंटला सांगून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करून देतात. पोटात ते असताना दारू प्यायली तर उलट्या होतात, बीपी कोसळतं, जिवावरही बेततं. पुडी मी सोबत घेऊन आलो.

उन्हाळ्यात घरच्यांनी जावयांना खोलीत कोंडलं होतं, हे तुला कोणी कळवलं नसेल. दुसऱ्या दिवशी फिटचा झटका आला. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर असं होऊ शकतं, भ्रमही होतो. म्हणून दारू सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. मेडिकल कॉलेजला मानसोपचाराची ओपीडी आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ताईची सासू मात्र म्हणते वर्ध्याला बदली करून घ्या, तिथे दारूबंदी आहे. जसं काही वर्ध्यात मिळतच नाही! शेजारी चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठलीसुद्धा.

पण सगळ्यात वाईट मला छोटूनं सांगितलं. झटका आला त्याच्या आदल्या दिवशी त्यानं बाबांची बाटली लपवली होती. त्याच्यामुळे बाबा पडले, हे तो मे महिन्यापासून पोटात घेऊन फिरतो आहे. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अमेरिकेत १९५१ मध्ये अल-अ‍ॅनॉन सुरू झालं आणि १९५७ मध्ये मुलांसाठी अलाटीन. त्यांची तीन वाक्यं त्याला आपल्या भाषेत सांगितली: हे तुझ्यामुळे झालं नाही, तुला ते आवरता येणार नाही, तुला ते बरं करता येणार नाही.

"मग कोण करते?"

"डॉक्टर. आणि बाबा स्वतः."

"बाबाला माहीत आहे का?"

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, दिल्या.

ताईसाठी अल-अ‍ॅनॉनच्या इथल्या बैठकांची चौकशी करतो आहे. जावई जावोत न जावोत, तिनं जायचं. चिऊच्या वर्गशिक्षिकेला भेटायचं ताईनं कबूल केलं आहे. गृहपाठ अपुरा राहिला की पोरगी शिक्षा खाते, पण कारण सांगत नाही. कॅलेंडरच्या मागे नंबर लिहून आलो: व्यसनासाठी १४४४६, मुलांसाठी १०९८. १०९८ कधी लावायचा तेही चिऊला समजावलं.

मुलांना पुण्याला न्यावं का म्हणतोस. आत्ताच नको. आईला एकटं सोडून आले या विचारानं चिऊ तिथे झोपणार नाही. मात्र ताईवर किंवा मुलांवर हात उचलला गेला तर मी विचारायला थांबणार नाही, त्याच रात्री तिघांना माझ्याकडे आणीन. ताईला तसं सांगून ठेवलं आहे आणि वरची खोली रिकामी केली आहे.

दर रविवारी जाणार आहे. छोटूच्या नंदीचं एक चाक पहिल्याच फेरीत निखळलं. हो, शेवटी त्यानं तो बाहेर काढला. येत्या रविवारी बारीक खिळे आणि हातोडी न्यायची आहे. जावई घरी असले तर त्यांनाच चाक धरायला लावीन.

काकूंना नमस्कार सांग. त्या ताटाचं त्यांना एकदा विचारून बघ. आठवत नसेल त्यांना.

तुझाच,
बाळ्या