मराठी नावाला तिप्पट भाडं

माननीय संपादक,

नागपूरच्या महाल भागातल्या एका लहान वाचनालयात आम्ही जुनी कागदपत्रं स्कॅन करून जपतो. गेल्या महिन्यात हा संग्रह विंडोजवरून लिनक्सच्या संगणकावर हलवताना पंचवीसेक फाइली अडल्या. त्यातल्या एकीचं नाव असं: 'संत्रा उत्पादक शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, काटोल तालुका, नागपूर जिल्हा'. 'नाव फार लांब' एवढाच संदेश आला. काम करणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, नावं इंग्रजीत टाकून द्या ना, कशाले त्रास घेता?"

मला ते पटलं नाही. मी नाव मोजायलाच बसले. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे धरून 95 चिन्हं, 12 मोकळ्या जागा, 2 स्वल्पविराम, एकूण 109. फाइलच्या नावाची मर्यादा दोन्हीकडे 255 चीच, पण मोजमाप वेगळं. युटीएफ-16 आणि युटीएफ-8 या अक्षरं संगणकात साठवण्याच्या दोन पद्धती. विंडोज युटीएफ-16 ची एककं मोजतं, त्यात देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एक एकक. लिनक्सवर बाइट, म्हणजे साठवणीची लहान मापं, मोजली जातात, आणि युटीएफ-8 मध्ये आपलं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. 95 चे 285 झाले, वर मोकळ्या जागा आणि स्वल्पविरामांचे एकेक धरून 14, म्हणजे 299. इंग्रजी नावाला 255 अक्षरं मिळतात, मराठीला 85 चिन्हं. त्यातही वेलांटी-उकार धरून!

प्रोग्रामिंगच्या भाषांचंही तसंच. 'नागपूर'ची लांबी विचारली तर रस्ट आणि गो 18 सांगतात, पायथन आणि जावा 6, स्विफ्ट 4. चौथीतलं पोरही 4 च सांगेल. यात खोटं कुणी बोलत नाही. कुणी बाइट मोजतं, कुणी चिन्हं, कुणी अक्षरं. रस्टने ऑपरेटिंग सिस्टीमकडून येणाऱ्या नावांसाठी 'ओएसस्ट्रिंग' हा वेगळा प्रकारच ठेवला आहे, कारण लिनक्सवरचं फाइलचं नाव म्हणजे नुसते बाइट, ते धड वाचता येतीलच याची हमी नाही. ही अडचण झाकून न ठेवता समोर मांडली, हे मला फार आवडलं.

आणखी एक गोष्ट सापडली. एकाच फोल्डरमध्ये 'शेतकऱ्यांची निवेदने' या नावाच्या दोन फाइली! डोळ्याला तंतोतंत सारख्या. एकीत 'ऱ' हे एकच चिन्ह होतं, दुसरीत 'र' आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, अशी दोन. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं. शोधात एक मिळते, दुसरी हरवते.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहेच. पण सरकारी अर्जांवर आणि अभिलेखागारांसाठी प्रणाली बनवून घेताना 'रकान्यात 50 अक्षरं' असं लिहितात, तेव्हा 50 काय, हे निविदेतच स्पष्ट लिहायला लावावं. स्वीकारण्याआधी 'ऱ', 'क्ष', 'ज्ञ' असलेली लांब मराठी नावं घालून चाचणी व्हावी. नागपूरच्या मिहान या उद्योग प्रकल्पात आणि इतरत्र काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे अवघड नाही, फक्त कुणी तसं मागितलं पाहिजे.

आमच्या त्या फाइलींची नावं मी अजून बदललेली नाहीत. त्या जुन्या संगणकावरच आहेत.

आपली,
एक ग्रंथालय सेविका, महाल, नागपूर