वक्ते आम्हालाच ठरवू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुगी आटोपली की बेळगाव-खानापूर भागात गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, किती गावं सांगू? सकाळी ग्रंथदिंडी, दुपारी मांडवात जेवण. हे सगळं उभं राहतं ते वाचनालयं, साहित्य संघ आणि तरुण मंडळांच्या लोकवर्गणीवर.

काही वर्षांपूर्वी आमच्या संमेलनाची परवानगी काढायला गेलो, तेव्हा अधिकाऱ्यांनी वक्त्यांची यादी मागितली. दिली. मग भाषणं लेखी आणा म्हणाले. शेवटी एक नाव गाळा, नाहीतर माईक मिळणार नाही, असं तोंडी सांगितलं. कागदावर काहीच नाही. मांडव घातला होता, पाहुणे निघाले होते. आम्ही ते नाव गाळलं. त्या वक्त्याला फोन मी केला होता, आणि ते बोलणं अजून मनातून जात नाही.

हिशेब मागा, आमची ना नाही. कर्नाटकच्या १९६०च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे दरवर्षी ऑडिट करून कागद देतोच. पैसा लोकांचा आहे, तो दाखवलाच पाहिजे. पण व्यासपीठावर कोण बोलणार, हे सभासदांनी ठरवायचं. हिंदी साहित्य संमेलन या संस्थेत १९६२ साली संसदेने कायदा करून बाहेरचे सदस्य आणले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये तो कायदा रद्द केला. संस्था काढण्याच्या हक्कात ती आपल्या सभासदांनी चालवण्याचा हक्कही येतो, असं न्यायालयाने म्हटलं. हा हक्क देणारं घटनेतलं १९वं कलम दिल्लीइतकंच आमच्या गावालाही लागू आहे.

आपल्या माणसांनाही एक सांगायचं आहे. मांडवाचा खर्च उचलणारे पुढारी अध्यक्ष आपल्या मर्जीतला मागतात, तेव्हा आपण गप्प बसतो. तेही चूकच. आणि शेजारच्या कन्नड संघावर किंवा बायकांच्या बचत गटावर असा दाब आला, तर आपण त्यांच्या बाजूने उभं राहायला हवं. परवानगीचं टेबल सगळ्यांना एकच आहे.

यंदा आमच्या सर्वसाधारण सभेने ठराव केला आहे: परवानगी नाकारायची असेल तर कारण लेखी द्यावं, तोंडी हुकूम मानला जाणार नाही. त्या वेळी गाळलेल्या वक्त्याला पहिलं निमंत्रण गेलं आहे. ते येतो म्हणालेत.

आपला,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता, बेळगाव तालुका