रक्त आधी कुठे तयार होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रक्तदान शिबिरांच्या निमित्ताने सोलापुरात रक्ताविषयी बरेच बोलले जाते. मात्र ‘रक्त अस्थिमज्जेत तयार होते’ या वाक्यापाशी विषय संपतो. मानवी गर्भात तिसऱ्या आठवड्यातच, अस्थिमज्जेचा पत्ताही नसताना, पीतक पिशवीच्या (गर्भाला जोडलेल्या, अंड्यातील बलकाच्या पिशवीसारख्या आवरणाच्या) भित्तिकेत पेशींचे पुंजके दिसू लागतात आणि तिथे पहिल्या रक्तपेशी व पहिल्या रक्तवाहिन्या शेजारी-शेजारी घडतात. हा शेजार योगायोगाचा नाही, कारण दोन्हींची सुरुवात बऱ्याच अंशी ईटीव्ही२, टाल१ अशा सामाईक जनुकांवर अवलंबून असते. झेब्राफिश माशातील ‘क्लोश’ या उत्परिवर्तनात (जनुकातील बदलात) रक्तपेशी आणि वाहिन्यांचे अस्तर दोन्ही जवळजवळ नाहीसे होतात. १९९५ मध्ये नोंदलेल्या या दोषामागचे जनुक सापडायला २०१६ उजाडले! पुढे महाधमनीच्या अस्तरातूनच रक्ताच्या मूळपेशी (ज्यांपासून पुढे सर्व रक्तपेशी बनतात) बाहेर पडतात, त्यासाठी रन्क्स१ हे जनुक लागते, आणि याच जनुकातील बिघाड काही रक्तकर्करोगांत आढळतो. तेव्हा हा विषय निव्वळ पुस्तकी म्हणता येणार नाही.

गर्भातील रक्तवाहिन्या प्रत्यक्ष पाहताही येतात. उबवणीच्या चौथ्या दिवशी कोंबडीचे अंडे अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या झोतासमोर धरले, तर कवचाआड लाल वाहिन्यांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले फाटे आणि मधला गर्भाचा ठिपका स्पष्ट दिसतो. शहरातील शाळांनी विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीच्या त्याच त्या प्रतिकृतींऐवजी हे दाखवावे आणि आपल्या पुरवणीनेही या जनुकांवर सचित्र लेख द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर